वनयात्रेंतील बिऱ्हाड

यात्रेला निघतांना बिऱ्हाड कोठें करावयाचें, हा प्रश्न मराठवाड्यांतील घरांना नवा नाहीं. पंढरीस जावयाचें तर चंद्रभागेच्या वाळवंटापासून फार दूर उतरूं नये. औंढ्यास जावयाचें तर नागनाथाच्या देवळाचा घंटानाद ऐकूं येईल अशा जागीं उतरावें. माहुरास जावयाचें तर गडाची चढण उन्हें तापण्यापूर्वीं आटोपेल असा मुक्काम करावा, असे संकेत वडीलधाऱ्या माणसांनीं घालून ठेवलेले आहेत. या सर्व संकेतांच्या मुळाशीं एकच हिशेब असे. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला देवापर्यंत स्वतःच्या पायांनीं जातां आलें पाहिजे, आणि सर्वांत लहान मुलाला दुपारीं स्वस्थ निजवितां आलें पाहिजे. मधल्या वयाच्या मंडळींनीं आपली सोय त्या दोघांच्या सोयींत बसवून घ्यावयाची.

अलीकडे आपल्या घरांतून आणखी एका यात्रेची हौस वाढली आहे, ती वनयात्रेची. परीक्षा संपल्या कीं मुलें वाघ पाहण्याचा हट्ट धरतात, आणि त्यांच्या हट्टाच्या आडून वडील मंडळीहि आपली इच्छा पुरवून घेतात. ही हौस चांगली आहे, व ती वाढावी असेंच वाटतें. परंतु या नव्या यात्रेंत तो जुना हिशेब मात्र मागें पडलेला दिसतो. बिऱ्हाडाची निवड छायाचित्रें पाहून होते. खोलींतील पलंग, अंगणांतील पोहण्याचा हौद, जेवणांतील पदार्थांची लांबलचक यादी, एवढ्यावर पैसे भरले जातात, आणि मग आजीचा प्रश्न निघाला म्हणजे, "त्यांना कशाला तो त्रास? त्या घरींच बऱ्या," असें सर्वानुमतें ठरतें. आजीजवळ एक सूनहि मागें राहते, हें वेगळें सांगावयास नकोच. म्हणजे हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाहीं. कोठें उतरावयाचें हें ठरवितांना, बरोबर कोण येणार आणि मागें कोण राहणार, हेंहि आपण न बोलतां ठरवून टाकीत असतों.

परभणीकरांचें वन

आमच्या परभणी जिल्ह्याची भूमि काळी, कसदार आणि शेतीची. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठीं ज्वारी, कापूस, तूर, हरभरा पिकतो; वन म्हणावें असें फारसें उरलेलें नाहीं. जिंतूरकडील टेकड्यांवर कांहीं झुडपी रान आहे, येलदरीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत पांखरें उतरतात. परंतु राष्ट्रीय उद्यान जिल्ह्यांत नाहीं. त्यामुळें परभणीकराला वाघाच्या वनाकडे जावयाचें तर वाटा मुख्यतः तीन. पूर्णा, हिंगोली, वाशीम या मार्गानें आगगाडीनें अकोल्यास जाऊन तेथून मेळघाटाकडे वळावें, ही एक. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यांत जावें, ही दुसरी. आणि त्याहि पुढें चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबास जावें, ही तिसरी.

मुक्कामाचा शोध केवळ माणसांनाच करावा लागतो असें नाहीं. २०१९ सालीं टिपेश्वरांतील एक तरुण वाघ, शास्त्रज्ञांनीं गळ्यांत बांधलेला रेडिओ-पट्टा घेऊन, स्वतःच्या हक्काचें रान शोधण्यासाठीं बाहेर पडला. टिपेश्वर अवघें १४८ चौरस किलोमीटरांचें. तेथें त्याची जागा आधींच इतर वाघांनीं घेतलेली होती. तेलंगणांतून फिरून, हिंगोली जिल्ह्यांतील शेतांमधून आणि ओढ्यानाल्यांच्या आडोशानें, बहुधा रात्रीं चालत तो अखेर बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याची एकंदर चाल सुमारें तीन हजार किलोमीटर भरली. हिंगोली हा १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हां हा पाहुणा आमच्या जुन्या परसांतूनच गेला म्हणावयाचा. पाणी, सावज आणि एकांत या तीन गोष्टी जुळून येईपर्यंत त्यानें बिऱ्हाड केलें नाहीं. आपण तर नुसत्या दोन रात्रींचे पाहुणे. पण निवडीची थोडी चिकाटी त्याच्यापासून घेण्यासारखी आहे.

या लेखांत विचार करावयाचा तो ताडोबाचा. महाराष्ट्रांतील हें सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. १९३५ सालीं तेथें शिकारीस बंदी झाली, आणि १९५५ सालीं ११६ चौरस किलोमीटरांहून कांहींसा अधिक प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. शेजारचें अंधारी अभयारण्य १९८६ सालचें. दोन्हीं मिळून १९९५ सालीं ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे, आणि भोंवतीं त्याहून मोठें बफर क्षेत्र असून त्यांत माणसांचीं गांवें आहेत. ताडोबा हें नांव तारू नांवाच्या गोंड पुरुषावरून पडलें असें सांगतात. तारू हा गांवचा प्रमुख. वाघाशीं झालेल्या झुंजींत तो मरण पावला आणि लोकांचा देव झाला. तलावाच्या कांठीं एका मोठ्या झाडाखालीं त्याचें ठाणें आहे व पौषांत आदिवासी लोक त्याची यात्रा करतात. म्हणजे आपण ज्याला उद्यान म्हणतों, तें दुसऱ्या कोणाचें क्षेत्र आहे, हें जाणाऱ्यानें आधींच ध्यानांत ठेवावें.

आधीं दार, मग घर

ताडोबास जाण्याचें ठरलें कीं पुष्कळ लोक प्रथम निवासाची चौकशी करतात आणि मग सफारीचें आरक्षण पाहतात. क्रम नेमका उलट हवा. गाभ्यांत शिरण्यास मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगांव, पांगडी आणि झरी अशीं सहा दारें आहेत. आरक्षण ऑनलाइन होतें. तें प्रत्येक माणसाच्या नांवानिशीं, ओळखपत्राच्या आधारें, ठराविक दिवसाचें, ठराविक वेळेचें आणि ठराविक दाराचें असतें. मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्याच्या दारांत उभें राहिलें तर तेथें कोणी आंत घेत नाहीं. नकाशावर हीं दोन दारें जवळ दिसतात. परंतु त्यांच्यामध्यें वन पसरलेलें आहे, आणि बाहेरच्या रस्त्यानें वळसा घालावयाचा तर दीड-दोन तास सहज मोडतात. सकाळचें दार सूर्योदयाच्या सुमारास उघडतें. ज्या कुटुंबाचें बिऱ्हाड भलत्याच दारापाशीं पडलें, त्यांतील मुलांना ऐन झोपेंतून रात्रीं तीन वाजतां उठवावें लागतें, आणि मग वाघ दिसण्याच्या वेळीं तीं बिचारीं पेंगत असतात.

म्हणून आधीं परवाने, त्यावरून दार, आणि दारापासून फार तर पाव तासाच्या वाटेवर घर. परभणीकडून मोटारीनें येणारांचा रस्ता नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वणी आणि वरोरा असा पडतो, व त्यांत सारा दिवस जातो. आगगाडीनें येणारांना मुदखेड, किनवट, आदिलाबाद या मार्गानें चंद्रपूर गांठतां येतें. दोघांनाहि मोहर्लीचें दार सोयीचें. नागपूर-चिमुराकडून येणारांनीं कोलारा किंवा नवेगांव पाहावें. मंगळवारीं उद्यान बंद असतें, आणि साधारणतः जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत गाभ्यांत प्रवेश नसतो. एका जिप्सी गाडींत सहा प्रवासी बसतात. चालक आणि गाइड वेगळे. एकत्र कुटुंबांत माणसें किती आहेत हें मोजून गाड्यांचा हिशेब आधींच करावा, नाहीं तर सातवें माणूस कोण, यावर दारांतच रुसवेफुगवे व्हावयाचे.

पूर्वीं तलावाकांठच्या विश्रामगृहांत उतरल्याच्या आठवणी कांहीं वयोवृद्धांकडून ऐकावयास मिळतात. आतां सामान्य प्रवाशाचा मुक्काम वनाच्या दाराबाहेरच असतो, आणि तेंच योग्य आहे. रात्र ही ज्यांची त्यांना सोडून द्यावी.

चार प्रकारचीं बिऱ्हाडें

दाराबाहेरचीं हीं बिऱ्हाडें मुख्यतः चार प्रकारचीं आहेत.

पहिलें चंद्रपूर शहरांतलें. तेथें स्टेशन आहे, औषधांचीं दुकानें आहेत, मोठें रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, आणि पथ्याचें जेवण मागितलें तर मिळूं शकतें. गोंड राजांचा परकोट आणि महाकालीचें देऊळ पाहावयास मिळतें. वाटेंत भद्रावतीस थांबलें तर तेथील जैन मंदिर आणि विजासनचीं बौद्ध लेणीं पाहून होतात. ज्यांच्या घरांत कोणाची प्रकृति अगदीं नाजूक आहे, त्यांनीं शहरांत उतरण्यांत कांहीं कमीपणा मानूं नये. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शहरांतून दारापर्यंत जाण्यास सुमारें एक तास लागतो. सकाळीं व दुपारीं अशा दोन फेऱ्या करणारी मंडळी मग मधल्या वेळीं परत येत नाहींत, आणि जें माणूस फेरीला गेलें नाहीं तें दिवसभर चार भिंतींच्या खोलींत पंख्याकडे पाहत बसतें. परभणीच्या घरांत तरी त्याला शेजारपाजार असता.

दुसरें बिऱ्हाड सरकारी संस्थांचें. मोहर्लीस इरई जलाशयाच्या बाजूला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें निवासस्थान आहे. वनविकास महामंडळाचीं निवाससंकुलें मोहर्लीस व कोलाऱ्यास आहेत. हीं ठिकाणें दाराला लागून आहेत, हा त्यांचा मोठा गुण. थाटमाट बेताचा असतो, पण झाडें आणि मोकळी जागा असते. आरक्षण करतांना खोली तळमजल्यावर आहे काय, पायऱ्या किती आहेत, जेवणघर खोलीपासून किती दूर आहे, रात्रीं वाटेवर दिवा असतो काय, हीं विचारणा फोनवरून अवश्य करावी. असले प्रश्न विचारण्याचा कंटाळा करणारास गुडघेदुखीची कल्पना नसते.

तिसरें बिऱ्हाड खासगी रिसॉर्टचें. यांत साध्यापासून राजेशाहीपर्यंत सर्व पायऱ्या आहेत. कांहीं चालक वनाची जाण ठेवून वागतात, गांवांतील मुलामुलींना काम देतात, रात्रीं दिवे मंद ठेवतात. कांहीं ठिकाणीं मात्र लग्नघरासारखा गोंगाट असतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें अशा एका ठिकाणीं मुक्काम केला असतां मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक चालू होता. वनाच्या दाराशीं जाऊन रात्रभर सिनेमांतलीं गाणीं ऐकावयाचीं असतील तर एवढा प्रवास कशाला? तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं, रात्रीं संगीताचा कार्यक्रम असतो काय, हा प्रश्न विचारावा. उत्तर मोठ्या उत्साहानें "हो" असें आलें, तर आपण दुसरीकडे वळावें.

चौथें बिऱ्हाड गांवांतील घरचें; त्यालाच आतां सर्वत्र होमस्टे म्हणतात. बफरमधील गांवांत कांहीं कुटुंबें आपल्या घराची एक-दोन खोल्यांची बाजू स्वच्छ करून पाहुण्यांना देतात. येथें दोरीवर आपल्याच हातानें कपडे वाळत घालावे लागतात, गरम पाण्यासाठीं थोडें थांबावें लागतें, आणि विजेचा भरंवसा धरतां येत नाहीं. परंतु घरच्या बाई समोर असतात, भात-वरण चुलीवरून थेट ताटांत येतें, आणि दिलेल्या पैशाचा मोठा भाग त्याच घरांत राहतो.

आमच्या घरचा निर्णय

आमच्या घरीं हा प्रश्न निघाला तेव्हां लहानथोर मिळून अकरा माणसें होतों. धाकट्या भाऊजींनीं एका उंची रिसॉर्टचीं चित्रें सर्वांना दाखविलीं, आणि सासूबाई व मी घरीं राहूं, असें त्यांनीं गृहीतच धरलें होतें. सासूबाईंचें वय शहात्तर. गुडघे दुखतात, पहांटे थंडींत दम लागतो, आणि सोंवळें पूर्वीइतकें राहिलें नसलें तरी परक्या चुलीवरचें अन्न त्या सहसा घेत नाहींत. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मात्र रात्रीं देवघरांत वात विझवितांना त्या मला म्हणाल्या, "मी उभ्या जन्मांत वाघ पाहिला तो देवीच्या चित्रांतला. खरा दिसला तर बरें. न दिसला तरी तो राहतो तें रान तरी बघावें, असें वाटतें."

दुसऱ्या दिवशीं मी घरांत तो जुना यात्रेचा हिशेब मांडला. आईंना सकाळची फेरी झेपणार नाहीं. पण दुपारची एक फेरी, मधल्या बाकावर बसून, झेपेल. जिप्सींतील मागचा बाक उंच असतो व तेथें धक्के अधिक बसतात. पुढच्या बाजूस ते कमी. मात्र त्यासाठीं बिऱ्हाड दारापासून इतकें जवळ हवें कीं आम्ही सकाळच्या फेरीहून येईपर्यंत त्या अंगणांत बसूं शकतील, कोणाशीं बोलूं शकतील, आणि दुपारीं पांच मिनिटांत गाडींत चढतील. शिवाय तेथें रांधण्याचें काम सुनांच्या गळ्यांत पडतां कामा नये. नाहीं तर सुट्टी पुरुषांची आणि मुलांची, आणि आम्हां जावांची नुसती चूल बदललेली, असें व्हावयाचें. या सर्व अटी एका बाजूला लिहून काढल्या, तेव्हां पोहण्याचा हौद आपोआप गळून पडला. भाऊजींनीं थोडा वेळ तोंड फुगविलें. पण मग त्यांनींच खटपट करून मोहर्लीच्या दाराचे परवाने काढले आणि गांवांतील एका घरीं तीन खोल्या ठरविल्या. माघ संपत आला होता. थंडी ओसरली होती आणि ऊन अजून तापलें नव्हतें. वृद्ध माणसांस घेऊन जाण्यास वर्षांतले हे दिवस फार चांगले. डिसेंबर-जानेवारींत उघड्या गाडींतील पहांटेचा वारा हाडांत शिरतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचें ऊन तरुणांनाहि सोसवत नाहीं.

मोहर्लीची रात्र

पहिल्या सकाळच्या फेरींत मुलांना वाघीण दिसली. सागाच्या वाळल्या पाचोळ्यांतून ती रस्ता ओलांडून बांबूच्या बेटांत शिरली. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. दुपारच्या फेरींत सासूबाई आमच्याबरोबर होत्या. आमच्या गाडीची गाइड मोहर्लीचीच एक तरुण मुलगी होती; तिनें त्यांना अस्वलानें नखें मारून खरवडलेलें झाड दाखविलें, गव्यांचा कळप दाखविला, तलावाच्या कांठीं ऊन खात पडलेली मगर दाखविली, आणि रस्त्याच्या कडेचे, गोंड राजांच्या काळचे मानले जाणारे दगडी खांबहि दाखविले. वाघ कांहीं दिसला नाहीं. मुलांना वाईट वाटलें. सासूबाईंना वाटलेलें दिसलें नाहीं. "एवढी हुशार मुलगी ह्या रानांतली, आणि किती आर्जवानें बोलते," एवढेंच त्या परतीच्या वाटेवर पुनःपुन्हां म्हणत होत्या.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही ओसरीवर बसलों होतों. पहिल्या दिवशीं सासूबाईंनीं आपल्या डब्यांतल्या दशम्या आणि मेतकूट-दही एवढेंच घेतलें होतें. घरच्या बाईंनींहि आग्रह केला नव्हता, पण ताट वाढतांना त्यांचा हात किंचित् थबकलेला मी पाहिला होता. इतक्यांत गांवाबाहेरच्या अंधारांतून चितळाचा तीक्ष्ण ओरडा आला. थोड्या वेळानें दुसरा, जरा जवळून. मुलें हर्षानें उठून उभीं राहिलीं. बाई मात्र चटकन उठून गोठ्याकडे गेल्या, आंतला अडसर हातानें चांचपून पाहिला, आणि आमचें मधलें पोर अंगणांत उतरूं लागलें होतें त्याला दंडाला धरून ओसरीवर आणून बसविलें.

मग त्या सासूबाईंजवळ येऊन बसल्या. मागल्या वर्षीं त्यांची एक कालवड वाघानें नेली होती. सरकारी भरपाई मिळते, पण त्या कालवडीचें दूध कोठून मिळणार? आतां होळी झाली कीं मोहाचीं फुलें पडूं लागतील, आणि तीं वेंचण्यासाठीं पहांटेच्या अंधारांत रानाच्या कडेला वाकून काम करावें लागेल. वाकलेलें माणूस वाघाला माणसासारखें दिसत नाहीं, असें लोक म्हणतात. मोहाच्या आणि तेंदूपानांच्या दिवसांत या भागांतील कोणा ना कोणाच्या घरांतून दरवर्षीं रडें ऐकूं येतें. "वाघ मोठा देव आहे जी," त्या म्हणाल्या, "पण देव आंगणांत आला त भेव वाटतेच."

सासूबाई पुष्कळ वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनीं विचारलें, "मग तुम्ही फुलें वेंचावयास जातां तरी कशाला?" बाई म्हणाल्या, "पाहुणे आले त नाई जात. दोन खोल्या भरल्या कीं मोहाचे पैसे भरून निघते. नाई भरल्या त जा लागते."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही फेरीहून परत आलों तेव्हां सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं पाट घेऊन बसल्या होत्या. पुढ्यांत ताट होतें. त्यांत वाफ येणारा भात आणि लाखोळीचें वरण. परभणीची ज्वारीची भाकरी आणि इकडचा भात, यांत पचायला हलकें कोणतें, यावर दोघींचा वाद चालला होता. आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "हात धुवून या. वरण गार होईल." त्याविषयीं घरांत कोणींच कांहीं विचारलें नाहीं.

निवड करतांना

वर लिहिलेल्या हकीकतीवरून प्रत्येकानें गांवांतील घरींच उतरावें, असा आग्रह धरावयाचा नाहीं. हृदयविकाराच्या रोग्याला चंद्रपूरच बरें. तान्हें मूल असेल तर सरकारी निवासाची मोकळी जागा बरी. आणि ज्यांना खर्च परवडतो त्यांनीं चांगल्या शिस्तीच्या रिसॉर्टांतहि खुशाल राहावें. आग्रह आहे तो निवड करतांना विचारावयाच्या प्रश्नांविषयीं. घरांतील सर्वांत वृद्ध माणूस आम्ही फेरीला गेल्यावर काय करील? सर्वांत लहान मूल दुपारीं कोठें निजेल? स्वयंपाक कोण करील? रात्रीं तेथें शांतता असेल काय? आणि आपण देऊं त्या पैशांतील कांहीं भाग त्या गांवच्या चुलीपर्यंत पोंचेल काय? या पांचांचीं उत्तरें मिळालीं कीं पलंग आणि पदार्थ यांचा विचार करण्यास हरकत नाहीं.

गांवांत उतरणारांनीं कांहीं पथ्यें मात्र कडक पाळावींत. दिवेलागणीनंतर मुलांना अंगणाबाहेर सोडूं नये. शौचासाठीं किंवा चांदणें पाहण्यासाठीं म्हणून कोणीं एकट्यानें दूर जाऊं नये. उरलेलें अन्न उघड्यावर टाकूं नये. त्यानें कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागें बिबळ्या येतो. भडक रंगाचे कपडे, अत्तरें व मोठे आवाज हीं वनांत शोभत नाहींत. यजमानाला, "आम्हांला नक्की वाघ दाखवा," असें म्हणून भरीस घालूं नये. चालकाला जास्त पैसे देऊं करून गाडी वाघाच्या अंगावर घालावयास लावणें हा तर अपराधच आहे. फेरींत तीन-चार तास एका जागीं बसावें लागतें व वाटेंत उतरण्याची मुभा अगदीं ठराविक जागींच असते, म्हणून वृद्धांनीं व मुलांनीं निघण्यापूर्वींच सर्व विधी उरकून घ्यावे. औषधें, पातळ दुलई, कानाला बांधावयास रुमाल आणि धुळीसाठीं ओलें फडकें, एवढें जवळ असावें.

आणखी एक गोष्ट. गाभ्यांतील बोटेझरी, जामणी यांसारख्या गांवच्या लोकांनीं वाघाला निवांत रान मिळावें म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें सोडलीं व बाहेर नवीं घरें बांधलीं. बफरमधील लोक आपल्या गोठ्याचा अडसर रोज रात्रीं चांचपून पाहतात. आपण दोन दिवस जी शांतता अनुभवून येतों, तिचें भाडें ते वर्षभर भरीत असतात. आपल्या दोन रात्रींच्या भाड्यानें तें फिटतें असें नाहीं. परंतु एखाद्या घरच्या बाईला एका पहांटे रानांत वाकावें लागलें नाहीं, तर तेवढा तरी मुक्काम सार्थकीं लागला असें समजावें.